विश्लेषण : खेळातील उद्ध्वस्त शहराचा नकाशा कसा तयार होतो? कंधार, औसा, किल्लारी काय शिकवतात?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिलेल्यांना तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी मुले आठवत असतील. ती मुले खेळतात तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या जातकुळीतील इतर खेळ आता भारतातील तरुणांनाही अनोळखी राहिलेले नाहीत. या खेळांत हमखास येणारे एक ठिकाण म्हणजे ओस पडलेले, मोडकळीस आलेले शहर. त्याचे नकाशे बहुतेक वेळा युरोपातील मध्ययुगीन धाटणीचे असतात. उतरत्या छपरांची घरे, उंच मनोऱ्यांची चर्च, नदीवरचा कमानदार पूल असा त्यांचा थाट असतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मात्र अस्सल पडके किल्ले, गढ्या, वाडे आणि एका पहाटेत जमीनदोस्त झालेली गावेही आहेत. त्यांच्याकडे पाहून असा नकाशा कसा काढता येईल, आणि कुठे थांबायला हवे, याविषयी.

हा खेळ नेमका काय?

या खेळाला पट नसला तरी चालते. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार असतो. इंग्रजी खेळात त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचे ते ठरवतात. काम जमले की फसले, हे फासा सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. सहा बाजूंच्या फाशाबरोबर वीस बाजूंचा फासा ही त्याची ओळख ठरली.

भारतीय उपखंडाचे वातावरणही या खेळात आता येऊ लागले आहे. २०२२ मध्ये याच खेळासाठी निघालेल्या एका साहसकथांच्या संग्रहात भारतीय लेखिका मिमी मोंडल यांची कथा आहे. तिच्यासाठी बंगालच्या धर्तीवरचा एक काल्पनिक प्रदेश उभा करण्यात आला. दख्खनच्या काळ्या दगडातील शहराला मात्र अजून भरपूर वाव आहे.

नकाशा कशासाठी लागतो?

नकाशे दोन प्रकारचे असतात. पहिला संपूर्ण शहराचा. तो खेळाडूंना ‘कुठे जायचे’ हे ठरवू देतो. त्यात एक चौकोन ५० किंवा १०० फुटांचा धरला तरी भागते. दुसरा एखाद्या जागेचा, म्हणजे पडक्या वाड्याचा, वेशीचा किंवा बारवेचा. तो ‘इथे काय करायचे’ यासाठी असतो. त्यात चौकोनी कागदावरचा एक चौकोन म्हणजे ५ फूट, असा सर्वसाधारण प्रघात आहे. साधारण पात्र एका खेपेला ३० फूट, म्हणजे सहा चौकोन चालते. त्यामुळे भिंत कुठे आहे, ढिगारा कुठे आहे, फट किती रुंद आहे, यावर खेळाचा निकाल बदलतो.

पडक्या शहराचा नकाशा अवघड असतो तो याचमुळे. चांगल्या शहरात रस्ता हा रस्ता असतो आणि भिंत ही भिंत. पडक्या शहरात रस्ता बुजलेला असू शकतो आणि भिंतीतूनच वाट निघू शकते. प्रत्येक ठिकाणी ‘जाता येते का, दिसते का, लपता येते का’ या तीन प्रश्नांची उत्तरे नकाशाने द्यावी लागतात.

सुरुवात पडझडीपासून करायची का?

नाही. नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे कागदावर इकडेतिकडे तुटक्या भिंती काढत जाणे. असा नकाशा दिसायला उद्ध्वस्त वाटतो, पण तो कोणत्याच शहराचा नसतो. आधी नांदते शहर काढायचे, मग ते पाडायचे, हा क्रम उपयोगी पडतो.

नांदते शहर काढताना पहिला प्रश्न पाण्याचा. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे त्याचे चांगले उदाहरण. मन्याड नदीच्या खोऱ्यातील हे गाव राष्ट्रकूट काळात महत्त्वाचे ठाणे होते. तिसऱ्या कृष्णाच्या काळाशी त्याचे नाव जोडले जाते. गावाजवळचा जगत्तुंग सागर हा तलाव, किल्ल्याभोवतीचा पाण्याने भरलेला खंदक आणि आत दुहेरी तटबंदी अशी इथली रचना आहे. तलाव, खंदक, तट, दरवाजा या क्रमाने रेषा ओढल्या की वस्ती कुठे बसेल, बाजार कुठे भरेल, हे आपोआप सुचत जाते.

दुसरा प्रश्न उंचसखल जमिनीचा. लातूर जिल्ह्यातील औसा हा बहमनी काळापासूनचा भुईकोट किल्ला. डोंगर नाही, कडा नाही. किल्ला सखल जागी बांधलेला असल्याने दुरून फारसा नजरेत भरत नाही, मात्र उंच बुरुजावरून भोवतालचा मुलूख दिसतो. खेळाच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. डोंगरी किल्ला खेळाडूंना लांबून खुणावतो, तर भुईकोट जवळ गेल्यावर समोर येतो.

तिसरा प्रश्न वस्तीच्या रचनेचा. मराठवाड्यातील जुन्या गावाची वेस, देशमुखांची गढी, चौक असलेले वाडे, भावकीच्या गल्ल्या, चावडी, मारुतीचे देऊळ, बारव, गावाबाहेरची वस्ती ही नावे नकाशात आली की शहराला आपला चेहरा मिळतो. तळघर आणि भुयारासाठी परदेशी कल्पना उसन्या घेण्याचीही गरज नाही. धान्य साठवण्याचे जमिनीखालचे पेव, भिंतीतील बळद, तटातील दिंडी दरवाजा आणि वेशीच्या आतली पहारेकऱ्यांची देवडी या साऱ्या जागा लपण्यासाठी, शोधण्यासाठी आणि अडकण्यासाठी पुरेशा आहेत.

शहर कशाने पडले, याला इतके महत्त्व का?

कारण प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते. वेढ्यात शहर सगळीकडून सारखे पडत नाही. तोफा आणि सुरुंग यांचा मारा एखाद्या बुरुजावर किंवा दरवाजाजवळ एकवटतो. तिथे मोठे खिंडार पडते, आत जळिताच्या खुणा राहतात, बाकी तट शाबूत असतो. कंधारचा किल्ला मुघलांनी १६३१ मध्ये घेतला. त्या वेढ्याचे पयाग या चित्रकाराने काढलेले चित्र शाहजहानच्या ‘पादशाहनामा’च्या हस्तलिखितात आहे. हे हस्तलिखित आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. नावाच्या साम्यामुळे अनेकांना ते अफगाणिस्तानातील कंदाहार वाटते, पण तो आपला कंधार आहे. उदगीर आणि औसा हे किल्लेही १६३६ मध्ये मुघलांकडे गेले.

व्यापार सरकल्याने ओस पडलेले शहर वेगळे दिसते. लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरापर्यंत जाई. आज तेर हे गाव आहे आणि जुने शहर पांढरीच्या टेकाडांखाली आहे. अशा शहरात खिंडार नसते, जळितही नसते. घरे मातीत मिसळतात, वर नवी वस्ती बसते, पावसाळ्यात मणी आणि खापरे वर येतात. नकाशाकाराने इथे भिंतीऐवजी उंचवटे काढायचे असतात.

एकावर एक बसलेल्या शहरांची कल्पना खेळांनाही जुनीच आहे. १९७५ च्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळात शहरे दर पाचशे वर्षांनी विधिपूर्वक पाडून त्यांवरच नवी बांधली जातात. त्यामुळे प्रत्येक शहराखाली जुन्या शहराचे थर असतात.

आणि काही वस्त्या काही क्षणांत पडतात. त्याचे मराठवाड्यातील नाव सर्वांना ठाऊक आहे.

किल्लारीत घरे तशी का पडली?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते, गावे गाढ झोपेत होती. वेगवेगळ्या नोंदींनुसार आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

एवढ्या मनुष्यहानीचे मोठे कारण घरांच्या बांधणीत होते. दोन फुटांहूनही जाड भिंती, पण त्या अखंड नव्हत्या. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला दगडांचा एकेक थर आणि मध्ये मातीत बसवलेले लहान दगड. दोन्ही थरांना जोडणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नसे. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले आणि भिंती फुगून कोसळल्या. वर माळवद, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे हेच छप्पर वजनाने घातक ठरले. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, म्हणजे खण, उभा राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या. गल्ल्या अरुंद असल्याने दोन्ही बाजूंचे दगड वाटेतच येऊन पडले आणि बाहेर पडण्याचे मार्ग बुजले.

भूकंपात पडलेले शहर काढणाऱ्याला इथून तीन गोष्टी कळतात. पहिली, जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत नव्हे. दुसरी, भिंत पडली तरी लाकडी सांगाडा उभा असू शकतो. तिसरी, ढिगारा घरात कमी आणि गल्लीत जास्त असू शकतो. घरे मोकळी आणि रस्ते बंद असा उलटा नकाशा तयार होतो, आणि त्यातून वाट काढणे हेच खेळाचे आव्हान ठरते.

मग किल्लारीचाच नकाशा खेळात वापरावा का?

इथे प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. कंधारचा वेढा चारशे वर्षांपूर्वीचा आहे. किल्लारीच्या ढिगाऱ्यातून बाहेर काढलेली माणसे आज हयात आहेत. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथे श्रद्धांजली वाहिली जाते. ज्या गल्लीत कुणाचे कुटुंब गेले ती गल्ली, तिच्या नावासह, फासे टाकून ‘खजिना’ शोधण्याची जागा होणे अनेकांना अपमानास्पद वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे.

यावर साधा उपाय असा की पडझडीचे शास्त्र घ्यायचे, गाव घ्यायचे नाही. भिंत कशी फुटते, गल्ली कशी बुजते, हे ज्ञान काल्पनिक शहरात वापरता येते. खऱ्या गावाचा आराखडा, घरांच्या जागा, मृतांचे संदर्भ बाजूला ठेवता येतात. त्याचबरोबर खेळ सुरू होण्याआधी खेळाडूंची बैठक घेण्याची पद्धत आहे. कोणते विषय येऊ नयेत, हे तिथे ठरते. ‘एक्स कार्ड’ नावाची आणखी एक सोय अनेक गट वापरतात. टेबलावर ठेवलेल्या कार्डाला कुणीही हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबवायचा, कारण विचारायचे नाही. लातूर, नांदेड किंवा धाराशिवच्या गटात भूकंपाचा प्रसंग येणार असेल तर हा प्रश्न आधी विचारणे गरजेचे आहे. टेबलाभोवतीच्या मुलाला भूकंप आठवत नसेल, पण त्याच्या आजीला आठवत असेल.

पडल्यानंतरचे शहर कसे काढायचे?

अवशेष रिकामे नसतात, ही गोष्ट बहुतेक नकाशांत सुटून जाते. उदगीरच्या किल्ल्यात उदागीर महाराजांचे स्थान आहे, तिथे भाविक येतात. कंधारच्या किल्ल्याभोवती आजचे गाव नांदते आहे. जुन्या तटाचे चिरे नव्या घरांच्या पायात जातात, मंदिराचा कोरीव दगड पायरी होतो, पडक्या वाड्यात बाभूळ आणि चिलार माजते, बुरुजावर शेळ्या चरतात. कंधार परिसरात एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले आहेत आणि ती क्षेत्रपाळाची असल्याचे मानले जाते. मूळ मूर्ती केवढी असेल याचा अंदाज उरलेल्या अवयवांवरून करावा लागतो. संपूर्ण पुतळ्यापेक्षा नुसते पाऊल खेळाडूंना अधिक विचारात पाडते.

नवे आणि जुने शेजारी ठेवण्याची युक्तीही परिणामकारक ठरते. १९८३ मध्ये आलेल्या ‘पॅव्हिस’ या खेळ-संचात जुन्या महानगराच्या अजस्र तटाच्या आत अवशेष आहेत आणि तटाला लागून बाहेर नवे शहर. नव्या शहरातली माणसे जुन्यात जाऊन काय आणतात, कोणाच्या परवानगीने आणतात, यावर सगळे कथानक चालते.

भूकंपानंतरच्या मराठवाड्यातही नवी गावे जुन्या गावांपासून काही अंतरावर उभी राहिली. त्यांचेही नकाशे कुणीतरी कागदावर काढले होते. रुंद सरळ रस्ते, सुटी घरे, चौकटीत बसवलेली रचना. कुटुंबाच्या जमिनीनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. सुरक्षिततेच्या दृष्टीने मोकळी जागा आवश्यक होती. पण गाव पसरले, भावकी आणि शेजार विस्कटले, अंगण आणि गुरांसाठीची जागा हिशेबात आली नाही, अशी टीका अभ्यासकांनी केली. पुढे लोकांनी आपल्या गरजेनुसार पडव्या, गोठे आणि कुंपणे घालून त्या सरळ रेषा बदलल्या. काल्पनिक शहराची ‘नवी वस्ती’ काढणाऱ्यानेही आखलेला नकाशा आणि वापरातला नकाशा असे दोन्ही डोळ्यांपुढे ठेवले तर ती खरी वाटते.

घरी बसून सुरुवात कशी करता येईल?

चौकोनी कागद, पेन्सिल, खोडरबर आणि एक फासा पुरतो. २० बाय २० चौकोनांत नांदते शहर काढावे. पाणी, तट, दोन वेशी, मुख्य रस्ता, बाजार, गढी आणि तीस-चाळीस घरे. त्यानंतर पडण्याचे एकच कारण ठरवावे. मग प्रत्येक घरासाठी फासा टाकावा. १ किंवा २ आले तर घर पूर्ण पडले आणि ढिगारा शेजारच्या चौकोनात पसरला. ३ किंवा ४ आले तर छप्पर गेले, भिंती कमरेएवढ्या उरल्या. ५ आले तर सांगाडा उभा आहे, पण वर चढणे धोक्याचे. ६ आले तर घर शाबूत आहे आणि आत कुणीतरी राहते.

आता कारणानुसार फेरफार करावा. वेढा असेल तर खिंडाराजवळच्या घरांना फाशातून २ वजा करावेत आणि दूरच्या घरांना तेवढेच वाढवावेत. भूकंप असेल तर जाड दगडी भिंतींच्या घरांना वजा करावेत, हलक्या कुडाच्या झोपड्यांना वाढवावेत. म्हणजे गढी पडते आणि झोपडी उरते. पाणी आटल्याने शहर ओस पडले असेल तर फाशाची गरज नाही. विहिरीपासून जितके दूर, तितकी पडझड जास्त. शेवटी तीन वाटा मोकळ्या ठेवाव्यात. एक सगळ्यांना दिसणारी, एक शोधावी लागणारी आणि एक धोक्याची. एकही वाट नसेल तर खेळ अडतो, आणि दहा असतील तर निवडीला अर्थ उरत नाही.

संगणकावर काम करायचे तर ‘इंकार्नेट’ आणि ‘डंजनड्राफ्ट’ ही साधने प्रचलित आहेत. ‘वाताबू’ या नावाने काम करणाऱ्या निर्मात्याचे शहर-जनक साधन एका क्लिकवर तटबंदीचे शहर काढून देते. मात्र त्यांतील तयार चित्रे युरोपीय वळणाची असतात. सपाट माळवद, चौकाचा वाडा, पायऱ्यांची बारव ही चित्रे स्वतः काढून घालावी लागतात. जमिनीच्या खऱ्या चढउतारासाठी इस्रोचे ‘भुवन’ आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उपयोगी पडतात.

किल्ल्यावर जाऊन मोजमाप करता येते का?

पावलांनी अंतर मोजणे, वहीत आराखडा काढणे, छायाचित्रे घेणे यासाठी वही आणि वेळ एवढेच लागते. दरवाजातून आत शिरताना वाट किती वेळा वळते, कुठल्या वळणावर माणूस वरून माऱ्यात येतो, तटावरच्या फांजीवरून काय दिसते आणि जंग्यांमधून काय दिसते, हे प्रत्यक्ष उभे राहिल्याशिवाय कळत नाही. औशाच्या एका दरवाजाचा असा आराखडा दहा तयार नकाशांपेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल.

मात्र हे किल्ले संरक्षित स्मारके आहेत. तिथे खोदणे, दगड हलवणे, भिंतींवर खुणा करणे हा गुन्हा आहे आणि ड्रोन उडवायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. एखादे खापर किंवा शिल्पाचा तुकडा दिसला तर तो जागेवरच ठेवून पुरातत्त्व विभागाला कळवावे. वस्तू कुठे पडली होती, हीच तिची अर्धी माहिती असते. ती उचलली की ही माहिती कायमची जाते. गुप्तधनाच्या आशेने जुन्या वास्तूंत होणारी खोदाई हा महाराष्ट्रातील पडक्या वास्तूंना असलेला मोठा धोका आहे. खेळात खजिना शोधणाऱ्या पात्रांच्या वाटेतही पुरलेल्या हंड्याऐवजी एखादा वाचायचा शिलालेख, बुजलेल्या बारवेचा झरा किंवा जुन्या वहिवाटीची खूण ठेवता येईल. शहर का पडले हे खेळाडूंना त्यातूनच उलगडत जाईल.